उसनी मेणबत्ती

आमच्या शेजारी कोषागारातून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. हयातभर दुसऱ्यांची बिले तपासून मंजूर-नामंजूर करण्यात ज्यांचे दिवस गेले, त्यांनी उतारवयात तैलरंगांची पेटी घेतली आहे, आणि त्यांच्या गुरुजींनी त्यांना जॉर्ज द ला तूर या सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकाराच्या ‘सुतार संत जोसेफ’ या चित्राची छापील प्रतीवरून नक्कल करावयास बसविले आहे. मूळ चित्र साधारण १६४२ च्या सुमाराचे असून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या आठवड्यात मी ती नक्कल पाहावयास गेलो आणि चहा निवला तरी तेथेच बसून राहिलो.

चित्रात रात्र आहे. वृद्ध जोसेफ ओणवा होऊन गिरमिटाने एका तुळईला भोक पाडीत आहे, आणि समोर बाल येशू मेणबत्ती धरून आहे; ज्योतीपुढे आडवा धरलेला त्याचा पंजा असा रंगविला आहे की, बोटांच्या कडांतून तांबूस उजेड पाझरतो. त्या तुळईत पुढच्या क्रूसाची सूचना आहे, असे जाणकार सांगतात. आमच्या शेजाऱ्यांना अर्थातच आधी ती बोटे काढावयाची होती. गुरुजींनी मात्र टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाने अवघा कॅनव्हास माखून घेतला, काळ्या रंगाची नळी पेटीतून काढून कपाटात ठेवली, आणि सावल्या पातळ व पारदर्शक, उजेड तेवढा जाड, असा दंडक घालून दिला. जवसाच्या तेलाचे प्रमाण वरच्या थरागणिक वाढवावयाचे, नाहीतर कालांतराने रंगाला भेगा पडतात. आणि हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते, म्हणून दोन थरांमध्ये कित्येक दिवस नुसते बसून राहावयाचे. बालकाचा चेहरा उजळावा म्हणून शेजाऱ्यांनी त्यावर पांढरा रंग ओतला, तेव्हा तो चुना फासलेल्या भिंतीसारखा दिसू लागला. मग तो खरवडून, भोवतालचा अंधार गडद केला, तेव्हा कोठे चेहऱ्यावर उजेड आला.

येणारेजाणारे मात्र एकच पृच्छा करतात, “छान आहे, पण स्वतःचे काही केव्हा काढणार?” या प्रश्नाचा मला, खरे सांगावयाचे तर, थोडा राग येतो. खुद्द लूव्रमध्ये १७९३ पासून नक्कल करणाऱ्यांना रीतसर परवाना मिळतो; अट इतकीच की, नक्कल मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये. हा कायदा ऐकून आमचे शेजारी भलतेच खूश झाले आणि आपला कॅनव्हास मुळाहून लहान असल्याची त्यांनी पट्टी लावून खातरजमा केली.

आणि ‘स्वतःचे’ म्हणजे तरी काय? १६५२ मध्ये ला तूर वारला, त्यानंतर त्याचे नावच विस्मृतीत गेले. त्याची चित्रे इतरांच्या नावांवर चढली, आणि १९१५ मध्ये हेरमान फॉस या जर्मन अभ्यासकाने त्यांपैकी काहींचा खरा धनी दाखवून दिला. आपल्याकडेही सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी आपल्या कन्येला समोर उभी करून ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र काढले. दिव्याआड धरलेल्या तिच्या बोटांतूनही असाच उजेड झिरपतो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते चित्र आहे, आणि आजही कितीतरी सुशिक्षित माणसे ते राजा रविवर्म्याचे म्हणून बिनदिक्कत सांगतात.

जोसेफ पुरा झाला की हळदणकरांची नक्कल करावी, असे मी सुचविले. शेजाऱ्यांनी कानाला हात लावले. “तैलरंगात अपील आहे हो,” ते म्हणाले, “चुकले की खरवडता येते. जलरंगात पहिलाच हुकूम कायम.”