मूळ खाली असतं
आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 15, श्लोक 1 ते 5



आमच्या घरी जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणायची पद्धत होती. अवघे वीस श्लोक. लहानपणीच पाठ झाले, आणि पाठ झाले म्हणूनच की काय, अर्थाकडे फारसं लक्ष गेलं नाही. सुरुवातीलाच भगवंत एका उलट्या झाडाचं वर्णन करतात. संसाराचा अश्वत्थ, मूळ वर, फांद्या खाली. पण त्याची आणखीही मुळं आहेत, आणि ती खाली, माणसांच्या जगात, आपल्याच कर्मांनी घट्ट रुतलेली आहेत. हे झाड असंगाच्या शस्त्राने तोडावं, असं सांगितलं आहे. या श्लोकांचा अर्थ मला यंदाच्या वैशाखात, हातात कुदळ असताना थोडासा कळला.

तळोदा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं दोन एकराचं शेत आहे. आप्पा गेल्यावर बांधावरून माझं आणि दादाचं बिनसलं. दादा सुरतला, मी इकडे. "तू पेर" असं त्याने म्हटलं नाही, "मी पेरतो" असं मी म्हटलं नाही. दहा वर्षं शेत तसंच पडून राहिलं आणि सगळीकडे घाणेरी माजली. कुणी तिला टणटणी म्हणतात. इंग्रजांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आणली. फुलं दिसायला गोजिरी, पण जाळी एकदा दाट झाली की खाली गवताची काडी उगवत नाही. काळी फळं पाखरं खातात आणि बी सगळीकडे नेतात. कुणी लावावी लागत नाही. कुणी लक्ष दिलं नाही, एवढंच तिला पुरतं.

पहिल्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन सपासप तोडत सुटलो. संध्याकाळपर्यंत बरंच रान मोकळं दिसायला लागलं, मला समाधानही वाटलं. सोबत कामाला आलेले गावातले एक म्हातारे बाबा मात्र हसले. म्हणाले, "वरथीन कापीसन काय फायदा, भाऊ? मूय ते खाले शे ना!"

खरंच आहे. घाणेरी वरून कापली की बुंध्यातून चार-पाच नवे फुटवे येतात, आणि झुडूप आधीपेक्षा दाट होतं. दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांनी यावर एक साधी रीत सांगितली आहे. जमिनीच्या थोडं खाली मुख्य मूळ तोडायचं, आणि अख्खं झुडूप उपटून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. म्हणजे त्याला पुन्हा माती धरता येत नाही. आम्ही तसंच केलं. चार दिवसांनी शेतभर मुळं वर करून पडलेली झुडपं पाहिली आणि पंधरावा अध्याय आठवला. गीतेतल्या उलट्या झाडाचा अर्थ वेगळा आहे हे मला ठाऊक आहे, तिथे वरचं मूळ म्हणजे परमात्मा. पण खालच्या मुळांबद्दलचं बोलणं मला तिथे उन्हात उभ्या उभ्या लागलं.

कारण दहा वर्षं मी स्वतःला काय सांगत होतो? "मी दादाशी संबंध तोडला, आता मनात काही नाही. मी अलिप्त आहे." यालाच मी वैराग्य समजत होतो. पण ते वरून कापणं होतं. बोलणं तोडलं, 'माझं' तसंच ठेवलं. म्हणून तर दर दिवाळीला मनात नवे फुटवे यायचे.

आणि सहाव्या दिवशी हद्दीचा दगड सापडला. घाणेरीच्या मुळांनी वेढलेला, अर्धा मातीत. "दादाने दगड सरकवला" असं मी चारचौघांत सांगत आलो होतो. आप्पांनी लावलेल्या चिंचेपासून तो सात पावलांवर होता, लहानपणी आम्ही दोघांनी मोजलेल्या सात पावलांवर. दगड हललेलाच नव्हता.

सज्जनहो, असंग म्हणजे माणसं तोडणं नव्हे, असं मला आता वाटतं. 'माझं' आणि 'मीच खरा' हे जे मातीखाली रुतलेलं असतं, ते तोडायचं. माणूस राहू द्यायचा.

इथे एक सावधगिरीही सांगतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात 'पडीक' हा शब्द जपून वापरावा. बाहेरच्याला जे नुसतं रान दिसतं, ते भिल्ल-पावरा कुटुंबाचं मोहाचं, चारोळीचं, तेंदूपानाचं कोठार असतं. भजनाच्या वाटेने आलेल्या अंबरसिंग महाराजांनी 1970 च्या दशकात शहाद्यात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला. अशा जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात 1974 साली झाला. म्हणून कुदळ उचलण्याआधी विचारावं, हे खरंच तण आहे का, आणि ही जमीन खरंच माझी आहे का? आम्हालाही जाळीखाली मोहाची दोन रोपं सापडली. घाईत कुऱ्हाड चालवली असती तर तीही गेली असती.

आणखी एक. मोकळी जमीन मोकळी राहत नाही. काही पेरलं नाही तर पहिल्या पावसात घाणेरीच परत येते. गीताही तोडण्यावर थांबत नाही. तोडल्यावर ते पद शोधावं, जिथून परत फिरणं नाही, असं लगेच पुढे सांगते. आम्ही बांधाला मारवेल गवत लावणार आहोत, मधे तूर.

त्या रात्री दादाला फोन केला. "दगड जागेवरच आहे, मी खोटं बोलत होतो," एवढंच म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाऊस पडला की येतो." सगळं मिटलं असं म्हणणार नाही. दोन-तीन वर्षं फुटवे येतच राहतील, शेतातही आणि मनातही. दिसले की उपटायचे.

आजच्यासाठी एवढाच प्रश्न. आपण जे सोडलं म्हणतो, ते मुळापासून सोडलं की नुसतं वरून कापलं?

हे पांडुरंगा, कुदळ धरायला हात दे, आणि दगड सापडला तर खरं बोलायला तोंड दे.

राम कृष्ण हरी.