एलियाला आधी भाकर, मग प्रश्न



आपल्या धर्मग्रामात समुपदेशनाचे प्रशिक्षण सुरू करण्याची कल्पना मांडल्यापासून अनेकांनी मला विचारले, "फादर, दुःखी माणसाशी बोलायला कसले आले प्रशिक्षण? अंतःकरणात प्रेम असले म्हणजे झाले!" एके काळी मलाही असेच वाटत असे.

नवीनच धर्मगुरू झालो होतो तेव्हाची गोष्ट. सायंकाळच्या मिस्सानंतर एक गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दारात आले. कर्ज झाले होते, झोप उडाली होती. मी त्यांना एक स्तोत्र वाचायला सांगितले, नोव्हेना सुचवली, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पाच मिनिटांत सगळे आटोपले. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या पत्नीकडून कळले की घरी जाऊन ते एवढेच म्हणाले होते, "फादरांनाही वेळ नाही." तीन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हते आणि मी त्यांना साधे 'बसा' असेही म्हणालो नव्हतो. त्याच रात्री मेव्हण्याने त्यांना डॉक्टरांकडे नेले, म्हणून ते आज आपल्यात आहेत. माझ्या मनात प्रेम नव्हते असे नाही. मला ऐकता येत नव्हते.

संदेष्टा एलियाची कथा आपल्याला ठाऊक आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने खचतो, रानात पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याच्याशी कसा वागतो ते पाहा. 'तू संदेष्टा असून असे बोलतोस?' असे तो म्हणत नाही. एलिया झोपतो. देवदूत त्याला हलकेच स्पर्श करतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो. पुन्हा स्पर्श, पुन्हा अन्न. आज 'समग्र समुपदेशन' म्हणून शिकवतात ते याहून फारसे वेगळे नाही. झोप किती, भूक आहे का, काही दुखते का, दारू वाढली आहे का, घरात बोलायला कोण आहे, आणि प्रार्थना करवते का? माणूस तुकड्यातुकड्यांनी आजारी पडत नाही.

पुढचा भाग रविवारी आपल्या कानी पडत नाही. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात एका वर्षी भाकर येते, एका वर्षी मंद झुळूक, एका वर्षी अलीशाचे पाचारण. मधल्या ओळी मात्र राहून जातात. घरी बायबल उघडून राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय सबंध वाचा. होरेब डोंगरावर देव एलियाला विचारतो की, तू इथे काय करतोस. एलिया गाऱ्हाणे मांडतो: मी एकटाच उरलो. वादळ, भूकंप, अग्नी होऊन गेल्यावर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि एलिया तेच गाऱ्हाणे जवळजवळ शब्दशः पुन्हा सांगतो. 'हे मघाशी सांगितलेस की!' असे देव म्हणत नाही. दोनदा ऐकून घेतल्यावरच तो त्याला काम देतो, अलीशासारखा सोबती देतो आणि इस्राएलात अजून सात हजार निष्ठावंत आहेत, हे सांगतो. हीच सात हजारांची गोष्ट आपण पहिल्याच मिनिटाला सांगून मोकळे होतो!

हे शिकता येते. अमेरिकेतील अँटन बॉयसेन हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. बरे झाल्यावर वूस्टर येथील मनोरुग्णालयात त्यांनी १९२५ च्या उन्हाळ्यात ईश्वरविज्ञानाच्या चार विद्यार्थ्यांना रुग्णांमध्येच ठेवून शिकवले. ग्रंथांइतकाच जिवंत माणूसही वाचायला शिका, हा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली मेषपालकीय कार्यात मानसशास्त्राचा उपयोग करून घ्यावा, असे सांगितले आहे.

अशा प्रशिक्षणात झालेले संभाषण आठवून जसेच्या तसे कागदावर उतरवायचे असते आणि ते गटात वाचायचे असते. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा घाम फुटला. पानभर मीच बोललो होतो. गप्प बसणे, समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत सांगून 'असेच ना?' विचारणे, उपदेशाची खाज आवरणे, हे सारे सरावाने येते. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारायलाही तिथेच शिकतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही आपली भीती खरी नाही. उलट माणसाला मोकळे व्हायला वाट मिळते.

मर्यादाही शिकाव्या लागतात. थोड्या आठवड्यांच्या शिक्षणाने कोणी मनोपचारतज्ज्ञ होत नाही. कानात आवाज येणाऱ्याला किंवा आठवडेच्या आठवडे अंथरूण न सोडणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे आणि गोळ्या बंद करू नका असे बजावणे, हेही प्रेमच. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. आणखी एक: पापनिवेदनातील गुपित कोणत्याही कारणाने उघड होत नाही. समुपदेशकही ऐकलेले बाहेर बोलत नाही. परंतु कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला मदत बोलवावीच लागते, आणि हे त्याने सुरुवातीलाच सांगायचे असते. आपल्या गावांत बातमी वाऱ्याआधी पोहोचते, म्हणून हे विशेष.

प्रशिक्षणासाठी नावे मिस्सानंतर धर्मग्रामाच्या ऑफिसात द्यावीत. 'आपल्याला काही बोलता येत नाही' असे ज्यांना वाटते, त्यांनी तर जरूर द्यावीत.