ती पट्टी कुणाची?

तासगाव तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, द्राक्षबागांच्या मधोमध दोन बंगले शेजारी शेजारी उभे आहेत. दोन भावांचे. बोधकथेत दोन भाऊ आले की एक शहाणा आणि एक उधळ्या असणार, हे वाचक धरूनच चालतो. इथं तशी सोय नाही. दोघंही कष्टाळू, दोघंही हिशेबी, दोघांच्याही बागा नजर लागावी अशा. वाटण्या कोर्टाची पायरी न चढता झाल्या याचा दोघांनाही अभिमान. जमीन वाटली, म्हशी वाटल्या, आबांची पितळी भांडी तर वजन करून वाटली. वाटायचं राहिलं ते दोन घरांमधलं अंगण आणि त्या अंगणातला एक खड्डा.

हा खड्डा आबांनी जुनं घर बांधताना काढला होता. गावच्या वायरमनला हाताशी धरून पुरुषभर खोल खणला, तळाशी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी प्लेट उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ थरानं भरलं आणि वर विटांचं चौकोनी कुंड बांधलं. त्या प्लेटपासून निघालेली पट्टी भिंतीच्या कडेनं मीटरच्या बोर्डापर्यंत गेली होती. घराचं अर्थिंग. उन्हाळ्यात आबा दर रविवारी त्या कुंडात पाणी ओतायचे, कारण कोरडी माती वीज सहजासहजी घेत नाही, ओली घेते. नातवंडं हसायची : आजोबा लोखंडाला पाणी घालतात, आता पट्टीला पालवी फुटणार! आबाही हसायचे आणि पुढची बादली आणायला जायचे.

आबा गेले. जुनं घर पाडून दोन बंगले झाले. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, कुंड त्याखाली गाडलं गेलं आणि पट्टीचा हातभर तुकडा तेवढा जमिनीतून वर डोकावत राहिला. थोरल्याला वाटलं, धाकट्याच्या घराचं काहीतरी असेल. धाकट्याला वाटलं, दादाचं असेल. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही हा वाटणीनंतरचा शिरस्ता दोघांनी इमानानं पाळला. पुढं कुणीतरी त्या तुकड्याला म्हशीचं दावं बांधायला लागलं.

नव्या बंगल्यांत तीन भोकांचे चकचकीत सॉकेट बसले. प्रत्येक सॉकेटच्या वरच्या जाड भोकामागून हिरवी वायर निघाली, सगळ्या हिरव्या वायरी मीटरच्या पेटीत येऊन एकत्र पिळल्या गेल्या आणि तिथंच थांबल्या. "ते मागनं जोडू," असं काम करणारा पोरगा म्हणाला होता. वास्तुशांत झाली, जेवणं झाली, पोरगा दुसऱ्या साइटवर गेला. दिवे लागत होते, पंखे फिरत होते. अर्थिंग नसल्यानं काहीच अडत नाही, हीच त्यातली खरी अडचण.

मग ती दिवाळी आली. ऑक्टोबर छाटणी उरकत आली होती, भाव बरा मिळेल अशी हवा होती आणि धाकट्यानं ठरवलं की यंदा बंगला रस्त्यावरून दिसला पाहिजे. कोल्हापुरातून एलईडीच्या माळांची पोतीच आणली म्हणा ना. गच्चीच्या कठड्याला माळा, पोर्चला माळा, द्राक्षाच्या शेडला माळा. अंगणातल्या उंच माडाला तर बुंध्यापासून झावळ्यांपर्यंत. वायर कमी पडली तेव्हा तो थोरल्याच्या दारात आला. "वहिनी, माडावरच्या शेवटच्या दोन माळा तुमच्या पडवीतल्या सॉकेटला लावतो. नाहीतर फोटोत ह्या बाजूला अंधारच येतोय." वहिनीनं लाव म्हटलं. थोरला पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "लाव बाबा. बिल किती येतंय ते सांग फक्त."

धाकटा बेफिकीर नव्हता, हे सांगायला हवं. टीव्हीसाठी त्यानं महागातला सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड घेतला होता. त्यावर दोन बारीक दिवे होते, एक चालूचा आणि एक अर्थिंगचा. दुसरा कधी लागलाच नाही. तो बिघडलेला असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. थोरल्याचा भरवसा एमसीबीवर होता. जास्त करंट आला की खटका आपोआप पडतो, मग भीती कसली?

धनत्रयोदशीला दिवसभर उकडत होतं. 2019 ची दिवाळी क्यार चक्रीवादळाच्या पावसात गेलेली सगळ्यांना आठवत होती, पण यंदा वादळाची काही बातमी नव्हती, म्हणून सगळे निर्धास्त. दिवेलागणीला जतच्या बाजूनं ढग चढले. परतीच्या पावसाचे ढग असेच दुपारच्या उकाड्यावर पोसतात आणि सांजेला गाठतात. धाकट्याचा मुलगा गच्चीवर उभा राहून माळांचा व्हिडिओ काढत होता. तेवढ्यात शेजारच्या दारातून काकूची हाक आली, "चकल्या गरम हायत, ये की!" तो खाली उतरून ताटावर बसला आणि वीज माडावर पडली.

आवाज झाला की उजेड आधी दिसला, यावर आजही एकमत नाही. दोन्ही बंगले अंधारले. सकाळी हिशेब लागला. धाकट्याकडं टीव्ही, सेट टॉप बॉक्स, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, इन्व्हर्टर, राऊटर आणि झाडून सगळ्या माळा. थोरल्याकडं फ्रीज, वॉशिंग मशीन, पिठाची गिरणी आणि चार्जिंगला लावलेले दोन मोबाइल. बागेच्या कडेला एका खोलीत जतकडून आलेलं मजूर जोडपं राहत होतं. त्यांचा टीव्ही मात्र पहिल्यासारखा चालत होता.

मग जे व्हायचं ते झालं. थोरला म्हणाला, तुझ्या माळेनं माझं घर जाळलं. धाकटा म्हणाला, वीज देवाची, माळ कुणाचीही असली तरी पडलीच असती. माल हलका होता असं एकाचं मत, डीपीतूनच जास्त दाब आला असं दुसऱ्याचं, आणि गल्लीतल्या एका मावशींनी दृष्ट लागल्याचं ठामपणे सांगितलं. विजेवरून भांडणं ही काही फक्त तासगावची गोष्ट नाही. घरांवर टोकदार सळई बसवून वीज जमिनीत उतरवण्याची युक्ती बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात सांगितली. पुढं अमेरिका इंग्लंडविरुद्ध उठली, तेव्हा तिसऱ्या जॉर्ज राजानं फ्रँकलिनवरच्या रागापोटी राजवाड्यावरच्या सळयांची टोकंच बोथट करायला लावली, असं सांगतात. विजेला यातलं काही कळत नाही.

पावसानं बागेत दावण्या रोग येईल म्हणून दोघंही फवारणीला लागले. ब्लोअरच्या आवाजात चार दिवस अबोला खपूनही गेला. भाऊबीजेला आक्का आली. दोघांपेक्षा मोठी, आणि आबांच्या माघारी दोघं जिला थोडंफार भितात अशी एकटीच. एका घरात ओवाळायचं आणि दुसऱ्या घरात रडगाणं ऐकायचं, हे तिनं तासभर सोसलं. मग तिनं गावात निरोप धाडून आबांच्या वेळच्या त्याच वायरमनला बोलावलं. मिस्त्री आता थकले होते, शिडी चढत नव्हते. पण नजर शाबूत होती.

मिस्त्रींनी आधी माड पाहिला. बुंध्याची साल वरपासून खालपर्यंत एका पट्ट्यात सोलल्यासारखी उडाली होती. विजेचा झोत जातो तिथं तापमान काही क्षण तीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. झाडातल्या रसाची एका क्षणात वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर पडते. माळेची वायर काळी पडली होती. एलईडीच्या एका दाण्याला तीन व्होल्टच्या आसपास दाब पुरतो. असे दाणे एकामागं एक ओवून 230 व्होल्टला जोडलेली ती माळ हजारो अँपिअरपुढं काय टिकणार! पण मिस्त्रींना माळेचं दुःख नव्हतं, ते वाट शोधत होते. माडावर दोन्ही घरांच्या माळा एकत्र गुंडाळलेल्या. तिथून एक वायर ह्या घरात, एक त्या घरात. "तुमी वाटण्या केल्या," ते म्हणाले, "पर माडावर पुन्हा घर एक केलं की."

मग धाकट्याचा बोर्ड उघडला. आतल्या पिवळसर चकत्या फुटून काळ्या झाल्या होत्या. दाब वाढला की ह्याच चकत्या वाट मोकळी करून जादा वीज अर्थिंगकडं वळवतात. पुढं अर्थिंगच नव्हतं. "पाहुण्याला दार दाखवायला माणूस ठेवला," मिस्त्री पुटपुटले, "आन् दारच बांधलं न्हाई." थोरल्यानं आपल्या एमसीबीचा खटका दाखवला. तो खरंच पडलेला होता. मिस्त्रींनी मान हलवली. एमसीबीला हलायला काही हजारांश सेकंद लागतात, विजेचा मुख्य तडाखा सेकंदाच्या लाखांश भागांत येऊन जातो. शिवाय वायर तापून आग लागू नये म्हणून तो असतो, विजेसाठी नव्हे. राऊटर का जळला, हा धाकट्याच्या मुलाचा प्रश्न होता. इंटरनेटची तार तर काचेची आहे, तिच्यातून वीज येत नाही. बरोबर, पण त्याचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला होता.

"त्या येळला गच्चीवर कोन हुतं?" मिस्त्रींनी सहज विचारलं. कुणी बोललं नाही. मुलानं काकूकडं पाहिलं. मिस्त्रींनी मुलाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

मजुराचा टीव्ही कसा वाचला, याचा उलगडा त्यानंच केला. ढग दिसले की तो टीव्हीची पिन काढतो आणि छत्रीची वायरही सोडतो, कारण पिन काढली तरी छत्रीच्या वायरीतून वीज आत येऊ शकते. हे त्याला कुणी शिकवलं? कुणी नाही. टीव्हीचे हप्ते अजून फिटायचे होते.

शेवटी मिस्त्री अंगणात आले आणि म्हशीच्या दाव्यापाशी थांबले. "ही पट्टी कुनाची?"

थोरला म्हणाला, धाकट्याची. धाकटा म्हणाला, दादाची.

मिस्त्रींनी दावं सोडलं, पट्टीवरची माती बोटानं खरवडली आणि कापलेलं टोक दाखवलं. "आबांची हाय. विजेला जमिनीतच जायाचं असतं. आबांनी तिला वाट करून दिलती. तुमी ती बुजवली, मग ती फ्रीजमधनं गेली. माळ नसती तरी एवढ्या जवळ पडल्यावर काहीतरी गेलं असतंच, अर्थिंग असतं तरीबी थोडंफार गेलं असतं. पर सगळं गेलं नसतं. आन् फ्रीजच्या पत्र्यात करंट उतरला तर माणसाला वाचवतं ते हेच." ते आक्काकडं वळले. "दोघांनी एकमेकांच्या वस्तूला हात न्हाई लावला. लई शहाणी लेकरं."

नव्या खड्ड्याचा खर्च कुणी करायचा यावर पुन्हा सूर चढायला लागला, तेव्हा आक्कानं ताटातली दोन्ही पाकिटं उचलून मिस्त्रींच्या हातात दिली. ओवाळणीत खड्डा निघतो का बघा, म्हणाली. थोडे कमी पडले, ते दोघांनी निम्मे निम्मे घातले. हौदाजवळ नवा खड्डा झाला. दोन्ही घरांच्या हिरव्या वायरी एकदाच्या जमिनीला भेटल्या आणि दोन्ही मुख्य बोर्डांवर सर्ज अडवणारं उपकरण बसलं. त्याच्या बारीक खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की ते बदलायचं, कारण प्रत्येक तडाख्यागणिक आतल्या चकत्या थोड्या थोड्या झिजतात. आता उन्हाळ्यात कुंडात पाणी पडतं. रविवार कुणाचा हे ठरलेलं नाही, त्यामुळं कधी दोघंही ओततात. जास्त पाण्यानं काही बिघडत नाही.

माळा पुढच्या वर्षीही लागल्या. माडावर मात्र नाही.

वाचकहो, यंदा माळा काढाल तेव्हा आधी वायरमनला बोलावून हिरवी वायर कुठवर पोचली आहे ते पाहून घ्या, आणि ढग लांब असतानाच पिना काढा. वीज चमकल्यावर गडगडाट तीन सेकंदांनी ऐकू आला तर ती एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर माळांना, वायरींना हात लावू नका, घरात या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर आसपासच्या विजांची सूचना देतं, ते घरात एकाच्या तरी फोनवर असू द्या. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं विजेनं मरतात. जळालेला टीव्ही पुढच्या दिवाळीला नवा येतो, म्हणून गच्चीवर कुणी पोर असेल तर आधी त्याला हाक मारा.