कमरेचा दोर

9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावात, एका पडीक विहिरीत मांजर पडलं. विहिरीत शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. असे पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

आपला जीव गुदमरतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. प्राणवायू कमी झाला म्हणून शरीर तेवढ्या जोरात ओरडत नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला की सगळ्यात आधी जाते ती समज. आपण संकटात आहोत हे ज्याने ओळखायचं, तेच आधी विझतं. विहिरीत उतरलेला माणूस ‘मला वर ओढा’ असं म्हणू शकला नाही, यात त्याच्या धैर्याचा काही दोष नव्हता.

विहिरीची गोष्ट सांगितली, पण मला लिहायचं आहे ते शयनगृहाबद्दल, कारण श्वासाचा हाच नियम तिथेही लागू आहे. दोन प्रौढ माणसं स्वखुशीने एकमेकांना बांधतात, हुकूम देतात, हुकूम मानतात, थोडी वेदनाही देतात-घेतात. जगभर याला बीडीएसएम म्हणतात. त्यातलाच एक प्रकार श्वास रोखण्याचा, गळा दाबण्याचा. हे सगळं परदेशात चालतं असं मानून याच जिल्ह्यातल्या आमच्या श्रीगोंद्यात बसून निर्धास्त राहता येत नाही, कारण मोबाइल प्रत्येक उशीखाली आहे. आणि जानेवारी 2021मध्ये नागपूरजवळ खापरखेड्याच्या एका लॉजमध्ये एक तरुण अशाच खेळात गेला. सोबतची स्त्री थोडा वेळ खोलीतून बाजूला झाली, तेवढ्यात खुर्ची सरकली आणि गळ्यातला दोर आवळला. तिचा काही वाईट हेतू होता, असं तेव्हाच्या बातम्यांत कुठे नव्हतं. त्याचा तिच्यावर विश्वास होता, आणि तो खोटा नव्हता.

या लेखात कुणाच्या आवडीनिवडीला नावं ठेवायची नाहीत. बंद दाराआड दोन सज्ञान माणसांना काय भावतं, हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे. खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या 2017च्या पुट्टस्वामी निकालानंतर तर त्याला घटनेचं संरक्षण आहे. शिवाय या मंडळींकडून आपण सगळ्यांनी शिकावं असं काही आहे. काय चालेल, काय चालणार नाही, हे आधी बोलून घ्यायचं. एक शब्द ठरवायचा, तो उच्चारला की सगळं तिथेच थांबतं. त्याला ते सेफवर्ड म्हणतात. आपल्याकडच्या किती लग्नांत असा एक शब्द असतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आजही अपवाद आहे: पत्नी सज्ञान असेल तर नवऱ्याने तिच्या इच्छेविरुद्ध केलेला संबंध बलात्कार ठरत नाही. ज्या कायद्याला बायकोचा नकार ऐकू येत नाही, त्या कायद्याच्या देशात कुणी नकाराला एवढं महत्त्व देत असेल, तर त्याची टवाळी करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण सेफवर्डचा हा नियम गळ्यापाशी येऊन तुटतो. संमतीचा सगळा आधार एका गोष्टीवर आहे: दिलेला होकार कोणत्याही क्षणी परत घेता आला पाहिजे. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि त्याआधीच बोलायची, हात हलवायची, ‘आता पुरे’ हे ओळखायची ताकद ढासळते. मग तो ठरलेला शब्द कोण उच्चारणार? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 2011मध्ये नेमका हाच प्रश्न आला. एका स्त्रीने गळा दाबू देण्याला होकार दिला होता, ती बेशुद्ध झाली, आणि त्या अवस्थेत तिच्याशी लैंगिक कृती झाली. बहुमताने निकाल लागला की संमती द्यायला त्या त्या क्षणी जागं मन लागतं. आधी दिलेला होकार बेशुद्धीच्या पलीकडे पोचत नाही.

बीडीएसएमवर पुस्तक लिहिणारे अमेरिकेतले जय वाइजमन स्वतः याच वर्तुळातले, आणि रुग्णवाहिकेवर काम केलेले. बांधण्याबद्दल, फटक्यांबद्दल त्यांनी सविस्तर लिहिलं. श्वासाच्या खेळाबद्दल मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं की तो सुरक्षित करण्याची कुठलीही रीत त्यांना सापडलेली नाही. एखाद्या धर्मगुरूने हे म्हटलं असतं तर वेगळी गोष्ट. आतल्याच माणसाने म्हटलं, म्हणून मला ते वजनदार वाटतं.

आपल्या मातीतली साक्ष तर फारच जुनी आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात प्रणयातल्या आघातांचं प्रकरण लिहिलं. त्यात दक्षिणेकडच्या काही जीवघेण्या रीतींचा उल्लेख करून त्याने थेट नावं घेतली: कुंतलाचा राजा शातकर्णी सातवाहन याच्या हातून महादेवी मलयवती अशाच आघाताने गेली. सातवाहनांचं पैठण इथून काही फार लांब नाही. या रीती त्याने त्याज्य ठरवल्या. पुढे तो भर धावणाऱ्या घोड्याचा दाखला देतो. वेगाने आंधळा झालेला घोडा वाटेतला खुंट किंवा खड्डा पाहत नाही, तसे कामावेगातले प्रेमिक धोका पाहत नाहीत. मलयवतीने काय होकार दिला होता, तिला काय हवं होतं, याबद्दल ग्रंथात एक अक्षर नाही. राजाचं नाव, राणीचं नाव आणि मृत्यूचं कारण, एवढंच. मला त्या गप्प राणीची आठवण वारंवार येते.

कुणी म्हणेल, श्वास रोखणं आपल्याला नवं थोडंच आहे? खरंच नाही. नेवाशात 1290 साली जी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या सहाव्या अध्यायात प्राणाचा सगळा प्रवास आहे. श्रीगोंद्यात शेख महंमदांची समाधी आहे, मालोजीराजे भोसल्यांनी गुरू मानलेले हे संत. त्यांच्या मुख्य ग्रंथाचं नावच ‘योगसंग्राम’. पण हठयोगाचा ग्रंथ हठप्रदीपिका बजावतो की वाघ, सिंह, हत्ती माणसाळवावेत तसा प्राण हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. तिथेसुद्धा श्वास साधकाच्या स्वतःच्या ताब्यात असतो. नको झालं की छाती आपोआप उघडते. गुरू वाट दाखवतो, शिष्याच्या नरड्यावर हात ठेवत नाही.

विश्वासाबद्दल मला हेच म्हणायचं आहे. समोरच्यावर तुमचा विश्वास पूर्ण असेल, तो तुमच्यावर जीव टाकत असेल, तरी तुमच्या मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली का, हे त्याला बोटांनी कळत नाही. तिथे गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. बाहेर वळ उठेलच असंही नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत गळा दाबल्याच्या 300 पोलीस प्रकरणांचा अभ्यास झाला, त्यात बऱ्याच प्रकरणांत अंगावर एकही खूण दिसली नव्हती. प्रेमाने शरीराचे नियम बदलत नाहीत.

कायदाही हे मानतो. न्याय संहितेचं कलम 25, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 87, तलवारबाजीच्या खेळाचं उदाहरण देतं: दोघांनी राजीखुशीने खेळताना नियम पाळूनही इजा झाली तर गुन्हा नाही. आपल्या कुस्तीच्या फडालाही हेच लागू. मात्र मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता ठाऊक असेल, तर या कलमाचं संरक्षण संपतं. इंग्लंडने 2021च्या कायद्यात लिहूनच टाकलं की लैंगिक सुखासाठी दिलेली संमती हा गंभीर इजेच्या खटल्यात बचाव होणार नाही. ‘तिलाच हवं होतं’ असं सांगणारे आरोपी तिथे वाढले होते, आणि ज्यांना विचारायचं त्या जिवंत नव्हत्या.

म्हणून माझं मत असं: बाकीचं तुम्ही दोघं ठरवा, गळा आणि श्वास त्यातून वगळा. ‘हलकेच’ करा असंही मी सांगणार नाही, कारण हलकं कुठे संपतं हे कुणालाच कळत नाही. आणि तुमचा जोडीदार न विचारता मानेवर हात ठेवत असेल, चित्रफितीत पाहिलं म्हणून हट्ट धरत असेल, तर त्याला नाही म्हणा. तो ऐकत नसेल तर ती मारहाण आहे. 112 वर फोन करा, बाईमाणसासाठी 181 आहे.

ज्यांच्या बाबतीत हे घडून गेलं असेल, त्यांना विनंती. आवाज घोगरा झाला, गिळताना दुखतंय, मान किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, एका बाजूचा हात जड वाटतो, यातलं काहीही असेल तर उद्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, दवाखाना गाठा, आणि लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना खरं कारण सांगा: गळा दाबला गेला होता.