विकतचं माहेरपण

दसरा झाला की आमच्या घरात दरवर्षी तोच विषय निघतो. सुट्टीत कुठं जायचं, समुद्रावर की एखाद्या मोठ्या शहरात? आम्ही नागपूरकर. आम्हाला दोन्ही सारखंच लांब. गीतांजली एक्स्प्रेस आमच्या स्टेशनवरून एकीकडे मुंबईला जाते, दुसरीकडे हावड्याला, आणि कुठल्याही बाजूला गेलं तरी प्रवास मोठाच होतो. दहा-बारा माणसांचं एकत्र घर, त्यामुळे मतंही तेवढीच. मुलांना समुद्र हवा, दिरांना खर्च आटोक्यात हवा, आणि मी कायम शहराच्या बाजूची.

माझं म्हणणं ठरलेलं असे. रिसॉर्टमध्ये चार दिवस राहून आपण पाहतो काय? आपलीच माणसं, आपलेच कपडे आणि एक पोहण्याचा तलाव. कंपाउंडच्या भिंतीपलीकडचं गाव कुठल्या जिल्ह्यात आहे, हेसुद्धा कित्येकांना सांगता येत नाही. शहरात निदान दुसऱ्यांचं जगणं दिसतं. हे मी इतक्या जोरात मांडायचे की बहुतेक वेळा माझंच चालायचं. जयपूर, हैदराबाद, म्हैसूर अशी शहरं आम्ही पाहिली ती माझ्यामुळे.

चार वर्षांपूर्वी असाच वाद रंगात आला होता. मोठ्या वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता त्या म्हणाल्या, "मला कुठंही न्या. सकाळचा चहा जिथं कुणी हातात आणून देईल, तिथं न्या."

वहिनी या घरात आल्या त्याला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत सुट्टीबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. शहरं बघताना घाईत आवरणं, डब्यात थालीपीठं भरून घेणं, मुलांच्या पोटाला बाहेरचं मानवलं नाही तर लॉजच्या खोलीत विजेच्या शेगडीवर खिचडी टाकणं, हे सगळं त्यांच्याकडे होतं. माझ्या सुट्टीचा स्वयंपाक त्या करत होत्या.

वहिनींना जे हवं होतं त्यासाठी मराठीत एक जुना शब्द आहे, माहेरपण. आपल्याकडे बाईच्या सुट्टीला दोनच वाटा मान्य होत्या, तीर्थयात्रा आणि माहेर. यात्रेत कष्ट हेच पुण्य, तिथं आरामाचा प्रश्नच नव्हता. माहेरी मात्र सकाळी डोळा उघडायची घाई नसे, आई हातात कप देई, 'बस गं, मी करते' हे वाक्य कानावर पडे. वहिनींची आई गेली, मग वडील गेले, घर भावांनी विकलं. तेव्हापासून त्यांना बसायला जागा नव्हती. चहाचं ते वाक्य ऐकलं आणि मला रिसॉर्ट म्हणजे काय ते पहिल्यांदा समजलं. तिथं माहेरपण विकत मिळतं.

समुद्रकाठच्या मुक्कामाचा उगमही अशाच गरजेतला आहे. दर्यावर वाढलेल्या माणसाला दर्या म्हणजे पोट आणि धोका. किनाऱ्यावरची जुनी कोकणी घरं बघा, माडांच्या आत दडलेली असतात, वाऱ्यापासून आडोसा धरून. लाटांकडे तोंड करून खिडकी ठेवायची हौस बाहेरून आलेल्यांची. युरोपात ती हौस आणली डॉक्टरांनी. १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज वैद्याने गाठींच्या आजारांवर समुद्राचं पाणी गुणकारी असल्याचा ग्रंथ लिहिला. रोगी ते पाणी पीत आणि त्यात डुंबतही. ब्रायटन हे गाव अशा रोग्यांमुळे वाढलं, पुढे राजपुत्र यायला लागला, आणि १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आल्यावर साधी माणसंही येऊ लागली. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेला 'हवापालट' हा शब्दही डॉक्टरांच्याच सल्ल्यातून आलेला. म्हणजे समुद्रकाठ हे मुळात औषध. ज्याला दुखतं त्याने घ्यायचं.

आम्ही त्या वर्षी मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि तारकर्लीला गेलो. माझ्या आग्रहाने एका घरगुती निवासात. पैसा गावातल्या माणसाच्या हातात जावा, जेवण तिथलंच असावं, हे माझं मत, आणि ते आजही तसंच आहे. माडांच्या सावलीत चार खोल्या, मागे विहीर, समोर पुळण. सकाळी रापण ओढणारी माणसं दोन रांगांत वाळूत पाय रोवून मागे मागे सरकत होती. जाळं वर आलं तेव्हा त्यात फारसं काही नव्हतं. त्यांनी ते निमूट गोळा केलं. आमच्यातल्यांनी फोटो काढले.

पहिल्या सकाळी साडेपाचला जाग आली तर वहिनींचं अंथरूण रिकामं. शोधत गेले. मागच्या चुलीशी घरमालकीण घावणे घालत होत्या, आणि त्यांच्याशेजारी पाटावर बसून वहिनी नारळ खवत होत्या. मालकीण म्हणत होत्या, "तुमी बसा, मी करतंय." वहिनी म्हणाल्या, "मी काही करून नाही राहिली, नुसती बसली आहे." खवणीवरचा हात चालूच होता. तीन दिवस हेच. बाई एकटी चौदा माणसांचं करते आणि मी खाटेवर पडून राहू? माझ्याच्यानं होत नाही, असं त्या मला रात्री म्हणाल्या. चहा हातात मिळत होता, पण तो कुणी केला हे दिसत होतं, आणि दिसल्यावर त्यांना बसवत नव्हतं.

तिथून आम्ही दोन दिवसांसाठी गोव्यात गेलो. मुलांच्या हट्टाखातर एका मोठ्या रिसॉर्टमध्ये. मी नाखुशीनेच. तिथं स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे हेही कळत नव्हतं. पांढरे अभ्रे, वाळूवर आरामखुर्च्या, बाराही महिने सारखीच दिसणारी न्याहारी. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता वहिनी झोपेत होत्या. त्यांना सकाळी आठला झोपलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुतण्या हाक मारायला निघाला, मी त्याला दारातच अडवलं. उठल्यावर त्या व्हरांड्यात बसल्या. एका मुलाने ट्रेमधून चहा आणला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि गार होईपर्यंत समुद्राकडे पाहत राहिल्या. मांडीवर निवडायला भाजी नाही, हातात सुई-दोरा नाही. त्यांचे हात रिकामे असताना कसे दिसतात, हे मला माहीत नव्हतं.

या दोन सकाळींनी माझ्या मताला जो तडा दिला तो अजून बुजलेला नाही. पर्यटनाबद्दल आम्ही शिकलेली माणसं जे चांगलं म्हणतो, स्थानिक घर, स्थानिक चूल, ओळख, गप्पा, त्यात वहिनींना विश्रांती मिळाली नाही. जे आम्ही वाईट म्हणतो, परकेपणा, भिंत, सगळीकडे सारखीच न्याहारी, त्यात मिळाली. कारण कष्ट नजरेआड होते. कष्ट तिथंही होतेच. तो चहा आणणारा मुलगा ओडिशातला. दिवाळीत घरी जाता येत नाही, तेव्हाच इथं सगळ्यात जास्त गर्दी, असं त्याने वहिनींना सांगितलं. दुसऱ्या सकाळपासून त्या स्वतःची चादर घडी करून ठेवायला लागल्या. विश्रांतीचा तो एक दिवसही त्यांना पुरता लाभला नाही, पण तो एक दिवस होता, आणि त्याची किंमत मी कमी लेखणार नाही.

कष्ट नजरेआड करणं हेच या धंद्याचं कौशल्य. १९५० मध्ये भूमध्य समुद्रातल्या मयोर्का बेटावर 'क्लब मेडिटेरेनियन'चा पहिला तळ पडला. पुढे त्यांनी पाकीट बाळगायचीही गरज ठेवली नाही, पेयांचे पैसे गळ्यातल्या माळेचे मणी काढून द्यायचे. मेक्सिको सरकारने तर कानकून हे अख्खं सुट्टीचं गाव जवळपास निर्जन वाळूच्या पट्ट्यावर आखून उभं केलं. तिथली पहिली हॉटेलं १९७४ ची. आपल्याकडे आग्वादच्या किल्ल्याशी ताजचं रिसॉर्ट उभं राहिलं तेही त्याच सुमाराला. जागा निवडताना आधीचं गाव जितकं कमी, तितकं पाहुण्याला बरं.

मग मी जे शहर-शहर करत होते ते कशासाठी? त्यावर मी बराच विचार केला. मी कॉलेजात शिकवते. तेच पेपर, तीच स्टाफरूम, तीच खिडकी. सुट्टी लागली की मी म्हणायचे, थकले गं बाई. खरं तर मी थकलेली नसायचे, कंटाळलेली असायचे. आपण कंटाळ्यालाही थकवाच म्हणतो, दोन्हींवर झोप हाच उपाय समजतो, आणि चार दिवस वाळूत लोळून तसेच आंबट तोंडाने परत येतो. थकलेल्याला निवांतपणा हवा. कंटाळलेल्याला नवं काही हवं. घरातल्या कुणाला काय झालंय हे न बघता तिकिटं काढली की एकाची सुट्टी दुसऱ्याला शिक्षा होते. मी वहिनींना अनेक वर्षं माझं औषध पाजत होते.

म्हणून पुढच्या वेळी मी काहीच सुचवलं नाही. तर वहिनीच म्हणाल्या, "या खेपेला तुझं एखादं शहर दाखव. पण आपण दोघीच." २०२३ च्या जानेवारीत आम्ही कलकत्त्याला गेलो.

तिसऱ्या दिवशी श्यामबाजारहून ट्राम धरली. त्या ट्रामचं आता काही खरं नाही, पण तेव्हा ती कॉलेज स्ट्रीटवरून एस्प्लनेडपर्यंत रखडत का होईना जात होती. या शहरात घोड्यांची ट्राम आली १८७३ मध्ये, विजेची १९०२ मध्ये. मला कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांसाठी उतरायचं होतं. वहिनी म्हणाल्या, तू उतर, मी शेवटपर्यंत जाते, तिथंच थांबते. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि अनोळखी गावात एकट्याने वाहनात बसण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. ट्राम हलली, त्यांनी खिडकीतून हात केला. पुस्तकांत माझं लक्ष लागलं नाही. अर्ध्या तासात मी मागून एस्प्लनेडला पोचले, तर त्या एका टपरीपाशी मातीच्या भांड्यातला चहा घेत उभ्या.

"मला कुणी विचारलंच नाही, कुठं चालल्या म्हणून," त्या म्हणाल्या.

नागपुरात कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालं तरी पाच जण विचारतात, आणि ते प्रेमानेच विचारतात. चौतीस वर्षं त्या कुणाच्या तरी वहिनी, काकू, सूनबाई होत्या. गोव्यात त्यांचं काम सुटलं होतं, नातं सुटलं नव्हतं, आम्ही सगळे भोवती होतोच. ते ओझं या शहराने अर्धा तास उतरवून ठेवलं. मला हे शहराबद्दल आधी कधी सुचलं नव्हतं. मी इमारती आणि इतिहास घेऊन बसले होते.

इतिहास मात्र त्यांना गाठूनच आला. मी उतरायच्या आधी ट्राममध्ये शेजारी बसलेल्या एका आजोबांनी हिंदीत गाव विचारलं होतं. नागपूर म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, मग तुम्ही बोर्गी! लहानपणी आजी तुमच्या नावाने आम्हाला झोपवायची. वहिनींना काही कळलं नाही. मी सांगितलं. बोर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. १७४२ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले, त्यानंतर वर्षानुवर्षं स्वाऱ्या झाल्या, गावं लुटली गेली. त्या धास्तीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. तो अर्धाच राहिला, मराठे शहरावर आलेच नाहीत, आणि पुढे खंदक बुजवून त्यावरून रस्ता गेला. बंगाली अंगाईत मात्र बोर्गी राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागबाजारात जाऊन 'मराठा डिच लेन' शोधली. साधी गल्ली. नळावर एक बाई भांडी घासत होती, वर दोरीवर कपडे. वहिनी पाटीखाली थांबल्या. शाळेत आम्ही त्या स्वाऱ्या अभिमानाने पाठ केल्या होत्या, मीही तशाच शिकवल्या होत्या. "लेकरांना भिववायला आपलं नाव," त्या हळूच म्हणाल्या, आणि परत येईपर्यंत बोलल्या नाहीत. रिसॉर्टच्या व्हरांड्यात हे त्यांना कुणी सांगितलं नसतं. आपण कुणाच्या आठवणीत कसे आहोत, हे कळायला त्यांच्या दारात जावं लागतं.

तारकर्लीच्या मालकीणबाईंशी वहिनींचा फोन चालू असतो. त्यांच्याकडे सुट्टी म्हणजे गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी, म्हणजे आणखी स्वयंपाक. मुंबई त्यांना ठाऊक आहे ती दिराच्या एका खोलीपुरती, तिथंही गेल्या की ओट्याशीच. वहिनी त्यांना म्हणत राहिल्या, पावसाळ्यात दर्या बंद असतो ना, या आमच्याकडे. तिकडून एकच प्रश्न, नागपुरात बघण्यासारखं काय आहे? वहिनींनी सांगितलं, काही नाही.

गेल्या जुलैत त्या आल्या. पाच दिवस राहिल्या. पहिल्या सकाळी वहिनींनी मिक्सर लावू दिला नाही, कुकरची शिट्टी होऊ दिली नाही, धाकट्याला शाळेची बस गाठायला मागच्या दाराने चपला हातात घेऊन जायला लावलं. नऊच्या सुमाराला आतल्या खोलीचं दार वाजलं, तेव्हा चहाचं आधण केव्हाचं तयार होतं.