श्रवण की संग्रह?

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. पण श्रवण कोणत्या साधनाने करावे, याला काही महत्त्व आहे काय? साधन बदलले म्हणजे श्रवणही बदलते काय? ही शंका मला माझ्या भाच्याच्या घरी आली, आणि ती एका जुन्या यंत्रामुळे आली.

भाचा पुण्यात नोकरीस असतो. त्याने मोठ्या खटपटीने रेव्हॉक्स ए-७७ हा स्पूलचा टेपरेकॉर्डर मिळवला आहे. स्वित्झर्लंडातील विली स्टुडर यांच्या कारखान्याने हे यंत्र १९६७ साली काढले. मी म्हटलं, "अरे, खिशातल्या फोनात हजारो गाणी मावतात आणि तू या लोखंडापायी पगार घालवतोस?" तो म्हणाला, "मामा, फोनमधलं गाणं नुसतं चालू असतं. याच्यावरचं मी ऐकतो." उत्तर लहानच, पण बोचले.

या यंत्राची मूळ कथा जर्मनीतली. फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण बसवून ध्वनी साठवण्याची युक्ती काढली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' लोकांपुढे आला. महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकाने तशी दोन यंत्रे मायदेशी नेली आणि तेथून ही विद्या जगभर पसरली. १९६३ साली लहान कॅसेट निघाली, तेव्हापासून घरोघरचे स्पूल हळूहळू मागे पडले. पण रसिकांनी त्यांना सोडले नाही. २००७ साली कॅलिफोर्नियात 'टेप प्रोजेक्ट' या नावाने मूळ मुद्रणाच्या प्रती स्पूलवर विकणे सुरू झाले. अशा एकेका ध्वनिमुद्रणाला काहीशे डॉलर मोजणारे लोक आहेत!

यात नुसते वेड नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅसेटची फीत चार मिलिमीटरांहून अरुंद आणि सेकंदाला पाच सेंटिमीटरांहूनही कमी धावते. स्पूलची फीत सहा मिलिमीटरांहून रुंद. घरी ती बहुधा साडेनऊ किंवा एकोणीस सेंटिमीटर वेगाने चालते, ध्वनिमुद्रणालयात अडतीसने. रुंदी आणि वेग जास्त, म्हणजे प्रत्येक क्षणाच्या वाट्याला लोहकण जास्त. म्हणून आवाज भरीव येतो. शिवाय स्वर मर्यादेबाहेर चढला, तर फीत त्याला एकदम तोडत नाही, त्याची धार हलकेच बोथट करते. कानाला ते गोड लागते.

आता पूर्वपक्ष असा, की हा गोडवा म्हणजे दोषच होय. मोजमापाच्या दृष्टीने आजचे संगणकीय मुद्रण अधिक स्वच्छ आहे. त्यात फितीची सरसर नाही. मग दोषावर प्रेम करणे ही आसक्ती नव्हे काय? भाच्याने स्वतःच कबूल केले, की काही स्पूल त्याने नुसत्या आवाजाच्या झोकासाठी घेतले. त्यांवरचे संगीत त्याला आवडत नाही. मग मला वाटले, झाले! आपण जिंकलो.

पण त्याच दिवशी माझी परीक्षा झाली. माझ्या गुरुमहाराजांचे एक कीर्तन १९७१ साली एका यजमानांनी स्पूलवर घेतले होते. ती चकती पुढे माझ्याकडे आली. मी ती रेशमी वस्त्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली, दसऱ्याला तिची पूजा केली. ऐकली मात्र कधीच नाही. ती भाच्यापुढे ठेवली. त्याने वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. ॲसिटेटची फीत उष्ण, दमट हवेत अशीच कुजते, ठिसूळ होते.

फीत तीनदा तुटली. तीनदा त्याने चिकटपट्टीने जोडली. मग आवाज आला. महाराजांचा पहिला शब्द उमटण्याआधी तोच शब्द अगदी बारीक, दुरून आल्यासारखा ऐकू आला. गुंडाळलेल्या फितीच्या एका वेढ्यावरचा ठसा वर्षानुवर्षे शेजारच्या वेढ्यावर उतरतो, म्हणून असे होते, असे भाच्याने सांगितले. तासभर आम्ही दोघे जागचे हललो नाही. मधे थांबवावे, पुढे सरकवावे, असे मनातही आले नाही. फीत पुन्हा तुटेल, ही धास्ती होती.

नैयायिक म्हणतात, शब्द उपजतो आणि क्षणांत लय पावतो. मीमांसक त्याला नित्य मानतात. मला फितीने तिसरेच शिकवले. शब्द नित्य असो वा अनित्य, ऐकणारा जागा नसेल तर तो त्याच्यापुरता नष्टच आहे. पन्नास वर्षे मी गुरूंचा शब्द जपला असे मानत होतो. मी जपली ती चकती.

आणि पुढचे ऐका. भाच्याने त्याच वेळी त्या कीर्तनाची प्रत करून माझ्या फोनात घातली. आज तीन महिने झाले. मी पाच मिनिटांपुढे गेलेलो नाही. कुणाचा फोन येतो, कुठला निरोप येतो, आणि महाराज तिथेच थांबतात. भाचा खरे तेच बोलला होता.

तेव्हा माझा निर्णय असा. स्पूल म्हणजे जपाची माळ. माळेवाचून जप होत नाही असे नाही. पण ज्याचे मन धावते त्याला मण्यांचा आधार लागतो. जो उठून फीत ओवतो, बाजू संपेपर्यंत बसतो, त्याचे अवधान यंत्राने बांधले जाते. एवढ्यासाठी त्याने पैसे घातले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण मणी कोणत्या लाकडाचे, यातच जो गुंतला त्याचा जप सुटला. तो यंत्र ऐकतो, गाणे नव्हे.

भाच्याला मी एवढेच सांगितले, "बाबा, जे आवडत नाही ते स्पूल देऊन टाक." तो हसून म्हणाला, "आणि मामा, तुम्ही?" येत्या एकादशीला दार लावून, बाकी सारे निरोप बंद करून, त्या फोनवरच संपूर्ण कीर्तन ऐकायचे मी ठरवले आहे. चकती आता पूजेत नाही.