वाढत्या अंगाची सायकल

कपडे शिवायला टाकताना शिंप्याला एक सूचना हमखास दिली जायची: ‘वाढत्या अंगाचं शिवा.’ आत जास्तीचं कापड सोडायचं, दरवर्षी थोडं उसवायचं; दोन-तीन वर्षांनी तोच गणवेश धाकट्याकडे जायचा. त्या सूचनेत काटकसर होती, आणि पोर वाढणार हा भरवसाही होता. न्यूझीलंडमध्ये मुलांसाठी माउंटन बाइक घेताना आपल्या तोंडी तेच वाक्य येतं: ‘एक साइज मोठी घेऊ, दोन वर्षं चालेल.’ वाचलेले पैसे आपल्या खिशात राहतात हे खरं. पण या काटकसरीची किंमत कोण मोजतं?

सैल सदरा वाईट दिसतो, तेवढंच. मोठी फ्रेम मात्र पोराला सावरावी लागते. सीट खाली करता येते, ब्रेकची मूठ थोडी जवळ आणता येते. पण पायडलच्या आसापासून हँडलच्या मानेपर्यंतचं आडवं अंतर, ज्याला दुकानदार ‘रीच’ म्हणतात, ते कारखान्यातच ठरतं. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. तीव्र उतारावर मात्र चालवणारा सीटवरून उठून पायडलवर उभा राहतो. तिथे सीट किती खाली केली होती याला फारसा अर्थ नसतो. कोपर वाकवून हँडल धरता येतं का, आणि अचानक पाय टेकावा लागला तर मधली नळी आड येते का, हे महत्त्वाचं ठरतं. रोटोरुआच्या फाकारेवारेवा जंगलात २००६ साली माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा झाली. त्याच जंगलात सुट्टीच्या दिवशी आपली मुलंही जातात. वळणावर आलेलं झाडाचं मूळ पोराला आज पार करायचं असतं, आजच्याच हातांनी. दोन वर्षांनंतरची उंची तिथे उपयोगी पडत नाही.

गंमत म्हणजे हेल्मेट आपण वाढत्या अंगाचं घेत नाही. इथे १ जानेवारी १९९४ पासून सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं आहे, आणि सैल हेल्मेट वेळेला डोक्यावरून सरकतं हे आपल्याला चटकन पटतं. डोक्याच्या बाबतीत मान्य असलेली गोष्ट हातापायांच्या बाबतीत मान्य करताना मात्र आपण हिशेब मांडतो.

‘आम्ही नाही का बावीस इंची सायकलवर नळीखालून पाय घालून शिकलो?’ हा आक्षेप खरा आहे. घरात सायकल एकच, तीही वडिलांची. दुसरा पर्याय नव्हता. नाइलाज हा दोष नाही, आणि आजही एखाद्या घरी तो असू शकतो. पण पर्याय असताना जुन्या नाइलाजाला संस्कार म्हणून मुलांच्या हाती देणं, ही वेगळी गोष्ट झाली. इथे ‘ट्रेड मी’वर जुनी सायकल घेता येते आणि लहान पडली की विकताही येते. म्हणजे काटकसर सोडायची गरज नाही. तिचा भार पोरावरून काढून आपल्या थोड्या खटाटोपावर घेतला की झालं.

मग योग्य साइज कोण ठरवणार? ॲरिस्टॉटलने मध्यममार्ग सांगताना मिलो या पहिलवानाचं उदाहरण दिलं आहे. दहा मापं अन्न फार आणि दोन मापं थोडं, म्हणून सरसकट सहा मापं योग्य ठरत नाहीत. मिलोला ती कमी पडतील आणि नवशिक्याला जास्त होतील. दुकानातल्या उंचीच्या तक्त्याचंही तसंच आहे. सारख्या उंचीच्या दोन मुलांचे पाय आणि हात सारखे लांब नसतात. तक्ता सुरुवात करून देतो. पुढचं पोराला सायकलवर उभं करून पाहावं लागतं. त्याचं म्हणणंही शेवटचं धरता येत नाही, कारण त्याला मोठ्या भावाएवढीच सायकल हवी असते. पाहायचं ते त्याच्या कोपरांकडे.

स्वतःसाठी कोणी वाढत्या मापाचं काही घेतलं, तर झळ त्यालाच लागते. तो त्याचा अधिकार आहे. दुसऱ्यासाठी घेताना तो अधिकार आपोआप मिळत नाही. मूल उद्या मोठं होणार हा भरवसा जरूर असावा. पण तो भरवसा आपला आहे आणि उतार त्याला उतरायचा आहे, एवढं दुकानात लक्षात राहिलं तरी पुरे.